तिथे काहीतरी टाका ना!

वेबसाइटचा पहिला आराखडा क्लायंटला दाखवला की दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. पहिलं, ‘लोगो जरा मोठा करा.’ दुसरं, ‘ही एवढी जागा रिकामी का? तिथे काहीतरी टाका ना!’ पहिल्याचं उत्तर चटकन देता येतं. दुसऱ्यासाठी मात्र गोष्टीच सांगाव्या लागतात, आणि त्या मी बरीच वर्षं जमवतो आहे. जाहिरात एजन्सी, डिझाइन स्टुडिओ, फोटोग्राफर यांच्या साइट बघा: एक भलंमोठं चित्र, चार शब्द आणि ऐसपैस मोकळी जागा. बघणाऱ्याला वाटतं, हे तर अर्ध्या दिवसाचं काम! त्या मोकळ्या जागेत काय काय दडलेलं असतं, ते ऐका.

इटुकली गाडी, कोरं पान

१९५९ साल. अमेरिकेतल्या गाड्या तेव्हा लांबलचक, चकचकीत, मागे माशासारखे पर फुटलेल्या; जाहिराती त्याहून भरगच्च. अशा दिवसांत न्यूयॉर्कच्या डॉइल डेन बर्नबॅक या एजन्सीकडे फोक्सवॅगनच्या छोट्या बीटलचं काम आलं. आर्ट डायरेक्टर होते हेल्मुट क्रोन. त्यांनी जवळजवळ सगळं पान कोरं ठेवलं, डावीकडे वर एवढीशी गाडी बसवली आणि तळाला ज्युलियन कोनिग यांचा मजकूर. मथळा दोनच शब्दांचा, ‘थिंक स्मॉल’. पुढे ‘ॲडव्हर्टायझिंग एज’ने विसाव्या शतकातल्या शंभर सर्वोत्तम जाहिरात मोहिमा निवडल्या, तेव्हा पहिला नंबर हिचाच लागला.

मला यातली गंमत वाटते ती हिशेबाची. मासिकाचं अख्खं पान पैसे मोजून घ्यायचं आणि त्यातलं बहुतेक वापरायचंच नाही! त्या काळच्या क्लायंटलाही पोटात गोळा आलाच असणार. पण कोऱ्या कागदाने जे केलं ते दुसऱ्या कशानेही झालं नसतं: गाडी लहान आहे, हे वाचायच्या आधीच दिसलं. आजच्या एजन्सीच्या होमपेजवर एकच फोटो आणि भोवती शांतता दिसते ना, तिचं मूळ घराणं हे. त्याच्याही मागे जायचं तर यान चिखोल्ड यांच्याकडे जावं लागतं. या जर्मन मुद्राक्षरकाराने १९२८ साली नव्या टायपोग्राफीवर पुस्तक लिहून ठासून सांगितलं की कागदाचा पांढरेपणा हाही अक्षरांइतकाच मांडणीचा भाग आहे.

याच्या अगदी उलट टोकाची साइट २००५ साली निघाली. ॲलेक्स ट्यू या इंग्लिश विद्यार्थ्याला कॉलेजची फी भरायची होती. त्याने हजार गुणिले हजार, म्हणजे दहा लाख पिक्सेलचं एक पान केलं आणि बहुतेक पिक्सेल एका डॉलरला एक असे विकले. पान संपलं तेव्हा एकूण कमाई १०,३७,१०० डॉलर! आज ते पान उघडलं तर डोळे गरगरतात. पैसा आला, पण तिथली एकही जाहिरात लक्षात राहत नाही.

पान संपलं का?

गूगलचं होमपेज पांढरं का, याचं उत्तर फार साधं आहे. सुरुवातीला कंपनीत वेब डिझायनरच नव्हता, आणि सर्गेई ब्रिन यांना एचटीएमएल लिहायचा उत्साह नव्हता. पण पुढचा किस्सा जास्त गोड आहे. चाचणीसाठी बोलावलेली माणसं ते पान उघडून नुसती बसून राहिली. का? तर बाकीचं पान अजून यायचं आहे असं त्यांना वाटत होतं. तेव्हाच्या साइट इतक्या गजबजलेल्या असायच्या की एक चौकट आणि दोन बटणं म्हणजे पूर्ण पान, हे कुणाच्या मनातच येईना. मग तळाला कॉपीराइटची एक बारीक ओळ घातली. कायद्यासाठी कमी, पूर्णविराम म्हणून जास्त. गूगलमध्ये अनेक वर्षं या पानाची राखण करणाऱ्या मरिसा मेयर यांनी ही हकीगत सांगितलेली आहे.

तेव्हापासून मी मोकळ्या पानावर असा एक पूर्णविराम शोधतो. तळाची ओळ असेल, एखादी रेघ असेल, नाहीतर चित्राची खालची कडा थोडी कापलेली, म्हणजे खाली अजून आहे हे हाताला कळतं.

पापणी लवायच्या आत

कॅनडातल्या कार्लटन विद्यापीठात गिट लिंडगार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोकांना साइटची चित्रं फक्त ५० मिलिसेकंद, म्हणजे एका सेकंदाचा विसावा भाग दाखवली. पापणी लवायलाही याहून जास्त वेळ लागतो. तेवढ्यात ‘छान’ की ‘वाईट’ हे मत तयार झालं होतं, आणि जास्त वेळ बघायला दिल्यावरही ते बहुतांशी तसंच राहिलं. हा अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. त्या क्षणात कुणी तुमचं ‘आमच्याविषयी’ वाचत नाही. दिसतं ते चित्र, रंग आणि मोकळीक.

म्हणूनच पहिला फोटो निवडायला मी दोन-दोन दिवस घेतो आणि त्याची लाज वाटत नाही.

हजार शब्दांचा हिशेब

‘एक चित्र हजार शब्दांच्या तोडीचं’ ही म्हण चिनी आहे असं आपण शाळेपासून ऐकतो. तिचं आजचं रूप मात्र आलंय एका अमेरिकन जाहिरातवाल्याकडून. फ्रेड बर्नार्ड यांनी डिसेंबर १९२१ मध्ये ‘प्रिंटर्स इंक’ या धंद्यातल्या नियतकालिकात ‘एक नजर हजार शब्दांच्या मोलाची’ अशी जाहिरात दिली. विषय होता ट्रामगाड्यांवरच्या सचित्र जाहिराती! १९२७ साली त्यांनीच ती पुन्हा छापली, हजाराचे दहा हजार केले, शेजारी चिनी अक्षरं दिली आणि खाली लिहिलं, चिनी म्हण. चिनी भाषेत शंभरदा ऐकण्यापेक्षा एकदा पाहिलेलं बरं, अशा अर्थाचं जुनं वचन आहे खरं. पण शब्दांचा भाव बांधून दिला तो जाहिरातवाल्याने.

आणखी एक वाक्य प्रेझेंटेशनमध्ये फिरत असतं: मेंदू मजकुरापेक्षा चित्र ६०,००० पट वेगाने वाचतो. यामागचा प्रयोग आजवर कुणालाही दाखवता आलेला नाही. ते खोडून टाका. चित्राची ताकद पटवायला असल्या टेकूची गरजच नाही.

बाळाचा फोटो आणि बंगळुरूचा मुलगा

१९५७ साली अमेरिकेच्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्समध्ये रसेल कर्श यांनी एक फोटो संगणकात उतरवला. फोटो त्यांच्या तीन महिन्यांच्या बाळाचा, आकार जेमतेम ५ सेंटिमीटर, आणि पिक्सेल १७६ गुणिले १७६. संगणकात स्कॅन होऊन गेलेलं ते पहिलं चित्र. पिक्सेल चौकोनी ठेवल्याची हळहळ मात्र कर्श यांना म्हातारपणापर्यंत होती. ऐंशी ओलांडल्यावरही ते वेगवेगळ्या आकारांच्या पिक्सेलवर काम करत होते.

वेब सुरू झालं ते बिनचित्राचं. टिम बर्नर्स-ली यांनी सर्नमधून १९९१ साली जगापुढे ठेवलेली पहिली साइट म्हणजे नुसता मजकूर आणि दुवे. फेब्रुवारी १९९३ मध्ये मार्क अँड्रीसन या तरुणाने पानातच चित्र बसवण्यासाठी एक नवा टॅग सुचवला. इतरांची चर्चा चालू असतानाच त्याच्या चमूने मोझेक ब्राउझरमध्ये तो घालूनही टाकला. आज जगातल्या बहुतेक प्रत्येक पानात तोच टॅग आहे.

आता बंगळुरू. तिथे जन्मलेले, तिथेच इंजिनिअर झालेले नासिर अहमद अमेरिकेत कॅन्सस स्टेट विद्यापीठात शिकवत होते. चित्रातली माहिती कमी जागेत मावावी यासाठी कोसाइन लहरी वापरता येतील, अशी कल्पना त्यांना सुचली. १९७२ साली त्यांनी नॅशनल सायन्स फाउंडेशनकडे पैसे मागितले. नकार आला, कल्पना फारच सोपी वाटली म्हणे! ते थांबले नाहीत. टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासोबत १९७४ साली त्यांनी निबंध छापला. १९९२ सालचं जेपेग हे मानक त्याच गणितावर उभं आहे.

ते चालतं कसं, हे कळलं की फोटोकडे बघायची दृष्टीच बदलते. चित्राचे ८ गुणिले ८ पिक्सेलचे चौकोन पाडतात. प्रत्येक चौकोनातले ६४ आकडे जाड आणि बारीक लहरींच्या बेरजेत मांडतात. जाड लहरी ठेवायच्या, अगदी बारीक लहरी डोळ्याला जाणवत नाहीत म्हणून त्या टाकून द्यायच्या. उजेडातला फरक डोळ्याला चटकन कळतो, रंगातला तितका नाही, म्हणून रंगाची माहिती आणखी कमी ठेवायची. म्हणजे बघा, आपण ज्याला मिनिमलिझम म्हणून डोक्यावर घेतो, ते जेपेग प्रत्येक फोटोच्या पोटात करत असतं: काय काढलं तर चुकल्यासारखं वाटणार नाही, एवढाच शोध! कोरं आकाश, एकरंगी भिंत असलेला फोटो जेपेगमध्ये हलका होतो आणि गवताचं रान असलेला जड होतो, त्याचं कारणही हेच.

वजनाचा काटा

२०१६ साली कुणाच्या तरी लक्षात आलं की वेबवरचं सरासरी पान आता २.३ मेगाबाइटचं झालंय. ‘डूम’ हा १९९३ सालचा गाजलेला संगणक खेळ जवळपास तेवढ्याच जागेत मावत होता. अख्खा खेळ, राक्षसांसकट! पानाच्या वजनात मोठा वाटा चित्रांचा असतो.

त्यात फोनचे पडदे. २०१० साली आयफोन ४ आला आणि तेवढ्याच जागेत रुंदीला दुप्पट, उंचीला दुप्पट पिक्सेल बसले. दोन दुणे चार. तोच फोटो तितकाच रेखीव दिसायचा तर चौपट पिक्सेल हवेत. फोटोच फोटो असलेली एजन्सीची साइट ऑफिसच्या वायफायवर झरझर उघडते. तीच साइट गाडी कसारा घाटात शिरल्यावर फोनवर उघडून बघा. मी बघतो. पडद्यावर खऱ्या अर्थाने मिनिमलिझम दिसतो: काहीच नाही.

यावरच्या युक्त्या सुंदर आहेत. वेबपी, एव्हिफ हे नवे प्रकार तोच फोटो बऱ्याच कमी वजनात देतात. खालचे फोटो माणूस खाली सरकेपर्यंत मागवायचेच नाहीत. ही सोय २०१९ पासून क्रोममध्ये एका शब्दात मिळते. आणि माझी सगळ्यांत आवडती युक्ती हेलसिंकीच्या वोल्ट या घरपोच जेवण देणाऱ्या कंपनीची: फोटोचा धूसर अंदाज अवघ्या २०-३० अक्षरांत लिहून पाठवायचा. ताटातला पदार्थ यायच्या आधी त्याचा वास यावा, तसे फोटोचे रंग आधी पडद्यावर पसरतात.

फिरता फोटो, स्थिर माणूस

होमपेजवर पाच फोटो आळीपाळीने फिरवायची हौस सगळ्यांना असते. अमेरिकेतल्या नॉत्र दाम विद्यापीठाच्या साइटवर याची मोजदाद झाली: पानावर आलेल्यांपैकी साधारण एक टक्का लोकांनी त्यावर क्लिक केलं, आणि तेही बहुतेक पहिल्याच फोटोवर. एक फोटो निवडा. निवडणं म्हणजेच डिझाइन.

साइटच नको म्हणणाऱ्या एजन्सी

दोन हजार सालाच्या आसपास एजन्सीची साइट म्हणजे फ्लॅश. आधी काळा पडदा, मग संगीत, मग लोगो गरगरत येणार, आणि कोपऱ्यात ‘स्किप इंट्रो’. लोक तेच बटण दाबायचे. अडोबीने ३१ डिसेंबर २०२० रोजी फ्लॅश बंद केलं आणि त्या काळातली कितीतरी हुशार कामं पडद्याआड गेली.

पण त्याआधीच बोस्टनच्या मॉडर्निस्टा! या एजन्सीने (उद्गारचिन्ह नावातच आहे) २००८ साली कमाल केली होती. त्यांनी स्वतःची साइटच ठेवली नाही. पत्ता टाकला की कोपऱ्यात एक छोटासा मेनू यायचा, आणि मागे विकिपीडियावरचं त्यांच्याविषयीचं पान. कामाचे फोटो बघायचे तर फ्लिकर, जाहिरातपट बघायचे तर यूट्यूब. आपल्याविषयी दुसरे जे बोलतात तीच आपली साइट! पुढच्या वर्षी स्किटल्स या गोळ्यांच्या ब्रँडनेही तसंच केलं.

२००९ साली नॉर्थ कॅरोलायनातल्या शार्लट गावची बून ओक्ली ही एजन्सी त्याच्याही पुढे गेली. त्यांचं होमपेज म्हणजे यूट्यूबवरची एक ॲनिमेटेड गोष्ट. व्हिडिओतच बटणं, त्यांवर क्लिक केलं की दुसरा व्हिडिओ. खर्च कमी, चर्चा जगभर. मात्र व्हिडिओवर बटणं चिकटवायची ती जुनी सोय यूट्यूबने जानेवारी २०१९ मध्ये काढून टाकली. दुसऱ्याच्या अंगणात मांडव घातला की तो कधी उतरवायचा हे आपल्या हातात नसतं. म्हणून मी आजही सांगतो: साइट छोटी ठेवा, पण स्वतःची ठेवा.

मेनूवरून आठवलं. तीन आडव्या रेघांचं चिन्ह फोनबरोबर आलं असं वाटतं ना? ते नॉर्म कॉक्स यांनी झेरॉक्स स्टार या संगणकासाठी काढलेलं, १९८१ सालचं आहे.

शिरोरेषेला हात लावू नका

इंग्रजी मिनिमल साइटची एक लकब आहे: बारीक अक्षरं, मधे भरपूर फट, सगळी लहान लिपीत. मराठीत हे जसंच्या तसं केलं की घोटाळा होतो. अक्षरांमधली फट वाढवली की शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे तुकडे तुकडे होतात. लहान-मोठी लिपी आपल्याकडे नाहीच. मथळा उठून दिसायला जाडी आणि आकार यांच्यावरच भिस्त. वर वेलांटी, रफार, अनुस्वार. खाली उकार, ऋकार. इंग्रजीसाठी आखलेल्या दोन ओळींत वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेला जाऊन भिडतो. देवनागरीला ओळींमध्ये ऐसपैस जागा द्यावीच लागते. मोकळी जागा इथे चैन नाही, लिपीची गरज आहे.

फोटोवर मजकूर टाकायचा तर आणखी जपून. शिरोरेषेमुळे शब्द एका पट्टीसारखा दिसतो. ती पट्टी झाडाच्या फांद्यांवर आली की हरवते, आकाशावर आली की खुलते. मजकूर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणात किमान ४.५ : १ असं प्रमाण हवं, असं वेबच्या सुलभतेचे आंतरराष्ट्रीय निकष सांगतात. पांढऱ्यावर फिकट राखाडी अक्षरं दिसतात नाजूक, पण या कसोटीवर ती सरळ नापास होतात. माझ्या वडिलांसमोर तसं पान ठेवा, ते चष्मा पुसत बसतील.

या सगळ्याचा पाया घालणारा माणूसही जाहिरातीच्या धंद्यातलाच होता. र. कृ. जोशी. मुंबईत उल्का ॲडव्हर्टायझिंगमध्ये कितीतरी वर्षं आर्ट डायरेक्टर, मग आयआयटीत शिक्षक, कवी, सुलेखनकार. विंडोजवर वर्षानुवर्षं आपण जो ‘मंगल’ फॉन्ट वाचला, तो त्यांच्या हातचा. पुढच्या पिढीत मुंबईच्या ‘एक टाइप’ने ‘मुक्त’, ‘बलू’ असे फॉन्ट कुणालाही मोफत वापरायला दिले. त्यांचा ‘मोदक’ तर पोट भरून गुबगुबीत. अक्षरांच्या पोटातल्या फटी इतक्या बारीक, की मोठ्या आकारात एकच शब्द लिहावा आणि थांबावं. एका शब्दात होमपेज भरून टाकणारा फॉन्ट हवा असेल तर माझं मत त्यालाच.

ज्याला चित्र दिसत नाही

सिडनी ऑलिंपिकच्या आधी, १९९९ साली, ब्रूस मॅग्वायर या अंध माणसाने तक्रार केली की खेळांची अधिकृत साइट त्यांना वापरताच येत नाही. पानावरची चित्रं त्यांच्या ब्रेल यंत्रासाठी मुकी होती. चित्राच्या जागी वाचायला शब्दच दिलेले नव्हते. ऑस्ट्रेलियाच्या मानवी हक्क आयोगाने २००० साली त्यांच्या बाजूने कौल दिला, आणि आयोजन समितीला २०,००० ऑस्ट्रेलियन डॉलरची भरपाई द्यावी लागली.

सगळी मदार चित्रांवर असलेल्या साइटचं खरं लेखन इथेच असतं. डोळ्यांना न दिसणारं, प्रत्येक फोटोमागचं एक वाक्य. लोक तिथे ‘फोटो १’ लिहितात, कॅमेऱ्याने दिलेला फाइल नंबर तसाच ठेवतात, किंवा काहीच लिहीत नाहीत. मी हे वाक्य लिहायला नवख्या डिझायनरला बसवतो, कारण त्यात एक गुपित आहे. जे चित्र एका वाक्यात सांगता येत नाही, ते बहुधा होमपेजचं चित्र नसतं.

सरावासाठी मी नेहमी एकच चित्र देतो. जपानच्या मुजी या दुकानांसाठी केन्या हारा यांनी २००३ साली केलेलं पोस्टर. त्यांना हवं होतं नुसतं क्षितिज, मधे काहीही न येणारं. त्यासाठी त्यांची मंडळी पार बोलिव्हियातल्या उयुनीच्या मिठागरापर्यंत गेली, दहा हजार चौरस किलोमीटरहून मोठ्या पांढऱ्या सपाटीवर. काहीच नसलेली जागा शोधायला निम्म्या पृथ्वीचा प्रवास!

गेल्या वेळी एका मुलीने बराच वेळ पडद्याकडे बघितलं, दोनदा लिहिलं, दोनदा खोडलं. मग तिने लिहिलं: ‘खाली पांढरं मीठ, वर आकाश, मधे एक माणूस.’